बाबांचे शेवटचे शब्द

माझे वडील एकदाच वारले. मी मात्र बारा दिवसांत त्यांना निदान चाळीस वेळा मारलं.

इलाज नव्हता! आमच्या देवबागेत समाचाराला आलेला माणूस ओटीवर टेकला की पहिलं विचारतो, "कसा काय झाला रे?" (उत्तर त्याला वाटेतच कळलेलं असतं.) सांगायचं मीच, कारण शेवटच्या घटकेला बाबांजवळ मी एकटा होतो. आई विहिरीवर गेली होती. परत आली, घागर खाली ठेवली आणि दाराआड बसली ती बसलीच. डोळ्यांत टिपूस नाही.

"तिका रडव रे," शेजारची भागीकाकू मला बाजूला घेऊन म्हणाली. "नायतर ती पण जातली!"

मी घाबरलो. बाप गेला होताच, आता आईही जाते की काय! मग मी हकिगतीला जोर आणला. तिसऱ्या दिवशी बाबांनी माझा हात धरला. पाचव्या दिवशी पाणी मागितलं. सातव्याला ते शेवटचं बोलले, "तुझ्या आवशीक जप!" (आईला जप, हे मी माडाखाली बसून रचलं होतं.) कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं जमायला लागलं. भागीकाकू तर रोज नव्याने रडायला यायची! आई तेवढी कोरडी.

बाराव्याला ओटी भरली. मी सगळं पणाला लावलं. "बाबांनी डोळे उघडले..." थांबलो. "माझ्याकडे बघितलं..." पुन्हा थांबलो. माझा सूर नकळत देवळातल्या गाऱ्हाण्यावर गेला असणार, कारण पेंगुळलेले तातूआजोबा गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीने ओरडले, "होय म्हाराजा!" आणि पाठोपाठ सगळी ओटी, "होय म्हाराजा!"

माणसं तोंडात पंचे कोंबून हसली. मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी आत पळालो.

आई म्हणाली, "झिला, तू सांगतंस तो माणूस माका वळखाकच येणा नाय. खरा सांग, काय बोलले?"

मी मान खाली घातली. "म्हणाले, पेजेत मीठ कमी आसा. आवशीक सांग."

"हां! हेच ते!" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून अशी रडली, अशी रडली, की ओटीवरचं हसणं थांबलं. तिला धरून मीही रडलो. बाबा गेल्यापासून मलाही रडायला सवड झाली नव्हती.

बारा दिवस मी एवढं बोललो. त्यातलं तेवढं एकच वाक्य माझं नव्हतं!