बाद ठरलेली काच

मी लेखक नव्हे. पन्नाशी जवळ आल्यावर लेखणी हाती धरणाऱ्याने वाचकांचा वेळ घ्यावा, हे मला स्वतःलाच धार्ष्ट्याचे वाटते; त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु आमच्या हौशी फोटोवाल्या मंडळींचे जे गोडवे धुळ्यात गायले जातात, ते मुकाट्याने ऐकणे आता जड जाते.

आम्ही पाच जण होतो. मी देवपुरातला शाळामास्तर, आणि या छंदात सर्वांत उशिरा आलेला. पुढारी एक वकील, कारण अंधारखोली एकट्या त्यांच्याच घरी होती. आमच्या काचेच्या प्लेटा तेच धुऊन देत. रविवारी त्यांच्या माडीवर बैठक बसे. एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात धरून मंडळी ती 'पास' की 'बाद' ते ठरवीत. बाद प्लेट धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकून फोटो उमटलेला वरचा थर खरवडला जाई, आणि ती स्वच्छ काच पास झालेल्या फोटोच्या चौकटीला बसे. लढाईमुळे चांगली काच मिळेनाशी झाली होती.

त्या हिवाळ्यात सोनगीरचा किल्ला टिपून आम्ही जवळच माझ्या बहिणीच्या शेतात भरीत खायला उतरलो. अक्का कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. तिने जन्मात फोटो काढू दिला नव्हता. पण लेकीचे लग्न ठरले होते, पोर दूर सुरतेकडे जाणार होती. तिच्याजवळ आईचे रूप असावे, म्हणून अक्का प्रथमच कबूल झाली.

"काढ भाऊ, पन मना हात काया शेतस," असे म्हणून काजळीने काळे झालेले हात दाखवत ती ऐन वेळी हसली.

बैठकीत वकिलांनी ती प्लेट उजेडात धरली.

"मास्तर, तुमच्या भगिनींना नाकं किती?"

"दोन तरी दिसतात," दुसरे म्हणाले. "वांगी मात्र सुरेख आली आहेत."

सगळे हसले. मी कसाबसा बोललो, "बाद असली तरी राहू द्या. कागदावर छापून अक्काला द्यायची आहे."

"ठेवतो की. तुमचीच वस्तू," वकील म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांचा सोनगीरचा किल्ला नव्या चौकटीत भिंतीवर टांगलेला होता. मी प्लेट मागितली. त्यांनी चौकटीकडे बोट दाखवले.

"ती काय तिथं. नेमकी मापात बसली."

"मी राहू द्या म्हणालो होतो."

"हललेलं तोंड घेऊन पोरीनं करायचं काय? काच हवी असेल तर खुशाल काढून न्या."

पुन्हा हशा पिकला. त्यात माझे सगळे मित्र होते.

अक्काला मी दुसऱ्यांदा बसण्याची विनवणी केली. "एकदाव बसनू ना," एवढेच ती म्हणाली, आणि भाकरी थापू लागली. वैशाखात लेक सासरी गेली, ती रिकाम्या हाताने. अक्का आता नाही.

त्या माडीची पायरी मी पुन्हा चढलो नाही. मास्तरांनी काचेच्या तुकड्यापायी मैत्री तोडली, असे गावात बोलतात. हल्ली वकील अंथरुणाला खिळले आहेत. एकदा भेटून जा, झाले गेले विसरा, असे निरोप येतात. माझा राग तसूभरही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी इच्छाही मला होत नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर भेटीला गेला असता का?