बुरशी

आईची किडनी बसवल्यावर ताई वर्षभर चांगली होती. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगितलं होतं, किडनी टिकवायच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते; धूळ, शेणखत, बुरशी लागलेला माल यांपासून हिला लांब ठेवा. दोघांनी माना डोलावल्या.

पावसाळ्यात मी नगरमधल्या सावेडीहून देवळाली प्रवऱ्याला तिच्या सासरी गेले, तर ताई कांदे साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे निवडत होती. कांद्यांवर काजळीसारखी बुरशी. तोंडाला नुसता पदर, हात मनगटापर्यंत काळे.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?" मी विचारलं.

ती बोलायच्या आत सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बसून तर करती. हिला नवी किडनी बसावली, आमाला कुनी नवं हात बसावलं न्हाईत."

निवडायला आलेल्या बाया हसल्या. ताईही हसली. तेच मला जास्त लागलं.

दाजींशी बोलले. "बघतो," म्हणाले.

दिवाळीच्या आधी तिला ताप आणि खोकला सुरू झाला. गावातल्या डॉक्टरने न्यूमोनिया समजून इंजेक्शनं दिली. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कुठे दाजींनी तिला नगरला आणलं. तपासण्या झाल्या. बुरशी फुफ्फुसात रुजली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर किडनीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील, मग किडनीची खात्री नाही.

आई समोरच बसली होती. "कमी करा," म्हणाली.

ताई वाचली, किडनी गेली. पुन्हा डायलिसिस सुरू झालं.

सासूबाई दवाखान्यात आल्या त्या केळी घेऊन. किडनीच्या पेशंटला केळी चालत नाहीत, हे त्यांना आधीही सांगून झालं होतं. खाटेशेजारी बसून त्या आईला म्हणाल्या, "तुमची किडनीच म्हातारी हुती, विहीनबाई. टिकंल कशी?"

आईने त्यांना चहा विचारला.

ताईला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी दाजी तिला आणि तिच्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन थेट आमच्याच दारात आले. "डायलिसिस नगरलाच हाय. उगं जा-ये कशाला?" म्हणाले आणि आत न येताच गेले. ताईने पिशव्या उघडल्या. लग्नातल्या शालूपासून स्वेटरपर्यंत तिचं त्या घरातलं सगळं त्यात होतं. ती एकेक कपडा काढून पलंगावर ठेवत राहिली. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.