पाणचक्कीला नरसाळं

डोळे मिटले की अजून मला पाणचक्की ऐकू येते. आधी पाण्याची सळसळ, मग लाकडी चाकाची करकर, आणि दोन्हींच्या तळाशी दगडावर दगड फिरल्याचा घुमारा, मांजर मांडीत गुरगुरतं तसा. त्या आवाजात नवी नवरी असलेली एक पोरगी, म्हणजे मीच, तव्यापुढं बसल्या बसल्या कुठंतरी वाहून जायची. भाकरी जळायची. सासू म्हणायची, "माजे बाई, तवा हाय त्यो. आरसा न्हाई."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. पाटोद्याच्या बाजूला डोंगरउतारावर आमचं गाव, आणि गावाबाहेर ओढ्यालगत सासऱ्यांची पाणचक्की. ओढ्यातून काढलेल्या पाटानं पाणी यायचं, चाकाच्या पात्यांवर आदळायचं, चाक फिरलं की वरचं मोठं जातं फिरायचं. बैल नको, माणूस नको. आसपासच्या बाया डोक्यावर ज्वारी आणायच्या आणि पीठ घेऊन जायच्या. सासरे फारसे हसायचे नाहीत, पण चाक नीट फिरलं की त्यांची मिशी हलायची.

त्या वर्षी माघातच ओढा आटत आला. चाक दमल्यागत फिरायचं, पायलीभर दळायला अख्खी दुपार जायची. ओढा जहागिरीतला. एक दिवस जहागीरदाराचा कारभारी घोड्यावरून आला. चाकाकडं बघत म्हणाला, "म्हातारबा, आवसंला परत येतो. चक्की फिरत आसली तर पानी तुमचं. उभी आसली तर पाट मोडून पानी मालकाच्या बागंला. मेलेल्या चाकावर पानी कशाला वाया घालायचं?"

आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा सासऱ्यांनी चाकावर हात ठेवला. चक्की गेली तर या माणसानं सकाळी उठून करायचं काय, हे घरात कुणालाच सुचेना. माझे मालक तर तेव्हा मामाच्या गावी गेलेले.

आणि मग ती पोरगी पुढं सरसावली. अकलेचा असा उजेड की चिमणी लावायची गरज नाही! तिनं विचार केला: दार मोठं केलं की माणसं जास्त येतात, तर पाटाचं तोंड मोठं केलं की पाणी जास्त येणार. दुपारी सासरे लवंडले, सासू गोवऱ्या थापायला गेली. पोरीनं खुरपं घेतलं, चाकापाशी पाटाचे दोन्ही काठ कोरले, दगड उपसले, पाट चांगला दोन हात रुंद केला. मग कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत राहिली.

पाणी पसरलं. पसरून पातळ झालं, आणि पात्यांवरून नुसतं ओघळलं. चाकानं अर्धा फेरा घेतला आणि थांबलं. अशी शांतता झाली की मला ओढ्यापलीकडचा होला घुमताना ऐकू आला.

सासरे उठून आले, फुटलेल्या काठांकडं बघत राहिले. सासू म्हणाली, "म्हशी उतरल्या वाटतं." मी म्हशींच्या बाजूनं एक अक्षर बोलले नाही. सासरे खाटेवर जाऊन बसले ते उठेचनात. अवस तीन दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले. पाणी इतकं आळसलेलं की करंजीचं पान त्यावर झोपी जावं. मी पदर डोळ्यांशी धरून रडत होते, आणि तेवढ्यात सासूचं लुगडं हातातून निसटलं. दोन खडकांच्या मधे वीतभर फट होती, तिथवर ते तरंगत तरंगत गेलं, आणि फटीत शिरताच सर्रकन पळालं. मी मागं धावले. लुगडं गेलं ते गेलंच. पण मी त्या फटीत हात घातला, आणि पाण्यानं तो ढकलून दिला. वर झोपलेलं तेच पाणी, चिमटीत सापडलं की धावत होतं. किती वेळ मी हात घालत होते आणि पाणी ढकलत होतं, कोण जाणे. ऊन डोक्यावरून उतरलं.

आता सांगायचं कसं? सून सासऱ्यांशी बोलत नसे. फारच अडलं तर मधे कुणी घ्यायचं, आणि कुणी नसलं तर दारातली कालवड होतीच.

"कालवडे, तुज्या मालकाला सांग, पाट म्हशींनी न्हाई मोडला. घरातल्या एका म्हशीनं मोडला."

सासरे खाटेवरून न वळता म्हणाले, "कालवडे, तिला म्हनावं ठावं हाय. म्हशी खुरपं घिऊन येत न्हाईत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड थांबेना. "आन म्हनावं, पाट नरसाळ्यावानी बांधा. वर रुंद, चाकापाशी बारीक."

"बारीक केल्यावर पानी कमी यील की, येडे!"

"तितकंच येतं, कालवडे. पर पळत येतं. सासूबाईंचं लुगडं घिऊन गेलं!"

"काऽय?" आतून सासू ओरडली.

सासरे खाटेवरून उठले.

दोन दिवस आम्ही तिघं चपटे दगड लावत होतो, माती, शेण आणि भुसा कालवून सांधी लिंपत होतो. सासू माती वाहायची आणि दर पाटीला लुगड्याचा उद्धार करायची. मी हौसेनं पाटाचं तोंड चार बोटांवर आणलं, तर पाणी मागं तुंबून काठावरून सासूच्या अंगावर गेलं. सासऱ्यांनी एक दगड काढला, वीतभर वाट ठेवली. पाणी मागं थोडं चढलं, क्षणभर विचारात पडल्यागत थांबलं, आणि मनगटाएवढ्या जाड धारेनं पात्यांवर आदळलं. चाक कुरकुरलं. मग फिरलं.

अवसेला कारभारी आला. बरोबर कुदळी घेतलेले तिघे गडी. चाक फिरत होतं, फार जोरात नाही, पण न थांबता.

"पानी कुठून आनलं?"

सासरे म्हणाले, "तितकंच हाय, सरकार. जरा घाईत हाय."

कारभाऱ्यानं स्वतः मूठभर ज्वारी जात्यात टाकली, खाली हात धरून वाट पाहिली. पीठ पडलं. त्यानं ते बोटांत चोळून बघितलं, हात झटकला आणि घोड्यावर बसला. "बागंला दुसरीकडून बघू," म्हणाला.

मला वाटलं, आता कुणीतरी मला शाबासकी देईल. पदर सावरून तयारच उभी होते. सासूनं ज्वारीचं टोपलं माझ्या हातात कोंबलं. "बघती काय? बाया आल्या. घाल आत."

कुदळी घेऊन आलेले ते तिघे उन्हानं शिणलेले. कारभारी गेल्यावर ते पाटाच्या काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटून राहिले. चाकाचा आवाज जरा जड झाला. सासरे आतून ओरडले, "पाय काडा बे! पानी आडतंय!" पाय निघाले, चाक पुन्हा हलकं झालं, आणि त्यांची मिशी हलली.