बाईंना न आलेला ताप

बाईंना माणूस भेटलं की आधी त्याचा दंड धरायची सवय होती. नमस्कार नंतर. कोपराच्या वर अंगठा आणि चार बोटांत धरून जरा दाबायच्या आणि म्हणायच्या, "भात लई होतोय." नाहीतर, "झोप न्हाई तुला. कोण छळतंय?" नवी बाई दचकायची. एकदा एका बाईची सासू भांडायला आली, आमच्या सुनेला काय नाचायला शिकवता म्हणून. बाईंनी तिचाही दंड धरला. "मावशी, हाड चांगलं हाय, मांस न्हाई. उद्यापास्नं सुनंबरोबर या." ती सासू पुढे दोन वर्षं येत होती.

उचगावच्या रस्त्याला पिठाच्या गिरणीवर माडी होती, तिथं बाईंची लेडीज जिम. बायका मॅडम म्हणायला लागल्या की त्या म्हणायच्या, "मॅडम हापिसात. मला बाई म्हणा." गिरणी सुरू झाली की वरची फरशी हादरायची. कमरेला पट्टा लावून हलवायचं एक मशीन होतं, ते निम्म्या वेळा बंद असायचं. मग बाई ओरडायच्या, "फरशीवर बसा गं समद्या. गिरणी फुकट हलवाय लागलीया!" सुरुवातीच्या वर्षांत बायका साडीचा काष्टा मारून व्यायाम करायच्या आणि घरी देवळात जातो म्हणून सांगायच्या. समोरच्या पानपट्टीवर पोरं असायची, म्हणून बाईंनी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती.

मी तिथं झाडायला आणि पुसायला होते. आठ दिवसांनी बाईंनी माझ्या हातातला झाडू घेतला आणि वजनं दिली. मी म्हटलं, झाडण्यात व्यायाम होतोय की. तर म्हणाल्या, "झाडणं पोटासाठी. ह्ये तुझ्यासाठी." असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. नंतरही नाही.

मग ते स्वाइन फ्लूचं साल आलं. पुण्यात माणसं मरायला लागली, तिकडं शाळा, थेटरं बंद झाली. आमच्याकडं गर्दी टाळा एवढंच सांगत होते. बंद करा म्हणून कुणी सांगेना आणि चालू ठेवा म्हणूनही कुणी सांगेना. बाई दवाखान्यात जाऊन विचारून आल्या. डॉक्टर म्हणाले, हवा खेळती ठेवा, प्रत्येकीचा पंचा वेगळा ठेवा, ताप असेल तिला घरी बसवा. बाईंनी त्याच दिवशी खिडक्यांवरचे कागद खरवडून काढले. निम्म्या बायका रागावल्या. "बाई, पोरं बघत्यात की हो!" बाई म्हणाल्या, "बघूद्यात. बघून कोण मेलंय? मागं फिरून भिंतीकडं तोंड करा." काहीजणी यायच्या थांबल्या. ज्या बायकांना आजाराची भीती नव्हती त्यांना खिडकीची होती.

येणाऱ्यांत एक लग्नाची पोरगी होती. सुपारी फुटली होती, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. दंड जाड आहेत, लग्नातला ब्लाऊज बसायचा नाही, म्हणून ती रोज यायची. बाईंचा तिच्यावर जीव. तिला बाकीच्यांच्या आधी बोलवायच्या आणि जास्त शिव्या द्यायच्या.

एका सकाळी बाईंनी सवयीनं तिचा दंड धरला आणि सोडलाच नाही. "तापलीयास तू," म्हणाल्या. पोरगी रडायला लागली. भाऊ पुण्याहून ताप घेऊन आला होता, त्याच्या घशातलं तपासायला गेलं होतं. तिला स्वतःला दोन दिवस कणकण होती. आई म्हणाली होती, कुणाला बोलू नकोस, रोजच्यासारखी जा, नाहीतर लोक विचारतील. दोन दिवस ती पंधरा-वीस बायकांत श्वास घेऊन-सोडून गेली होती.

बाईंनी जिम बंद केली आणि मला घेऊन तिच्या घरी गेल्या. घर चांगलं, दोन मजली. आई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"पोरीला दवाखान्यात न्या," बाई म्हणाल्या. "आणि मला माझ्या बायास्नी सांगाय पाहिजे. एकीचं पोर अंगावर पितंय. दोघी साठीच्या हायत."

"काय सांगणार?"

"हाय त्ये."

"मग लग्न मोडलंच की आमचं," ती म्हणाली. "तुम्हाला लेक न्हाई, तुम्हाला काय कळणार? सांगितलासा आणि पोरीनं जिवाचं काय बरंवाईट केलं, तर तुमचं नाव घेऊन रडीन मी."

पोरगी मागं उभी होती. ऐकत होती.

गिरणीपाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "नाव सांगितलं तर लगीन मोडतंय. न्हाई सांगितलं तर एखादी मरंल. मला ताप आलाय म्हणून सांगतो."

मी म्हटलं, "खोटं?"

"ताप कुणाचा का असंना. बाया घरात बसल्याशी कारण. आणि तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ हाय."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मात्र त्या खरं सांगून आल्या. मग तोंडाला रुमाल बांधून दारोदार गेल्या. लांब उभं राहून एकच सांगायच्या, "मला त्यो ताप असंल. तुम्ही घरात ऱ्हावा, अंग गरम झालं की दवाखाना गाठा." भीती होती तेच झालं. दोघींना ताप आला, त्यातली एक ती लहान मुलाची आई. वेळेवर गोळ्या मिळाल्या म्हणून दोघी वाचल्या. पोरगी आणि भाऊही परगावच्या दवाखान्यात बरे होऊन आले.

ह्याबद्दल कुणी बाईंचे आभार मानले असतील असं वाटतं का? त्या दोघींचे नवरे आले आणि गिरणीसमोर उभं राहून ओरडले, "तुझं दुखणं आमच्या घरात आणलंस!" ज्या बायका दहा-दहा वर्षं बाईंच्या हाताखाली घाम गाळत होत्या, त्या रस्ता बदलून जायला लागल्या. बाजारात बाईंनी सवयीनं एकीचा दंड धरायला हात पुढं केला, तर तिनं हात झटकून साडीला पुसला. मी शेजारी होते. गिरणीवाला म्हणाला, वर दुखणं आहे म्हणून दळण येईना, माडी रिकामी करा. तो तरी काय करणार, असं लोक म्हणतात. दोन पावलं वर येऊन बाईंना ताप आहे का हे बघता आलं असतं, तेवढंही त्यानं केलं नाही. आणि त्या ओरडणाऱ्यांच्या गर्दीत मागं, नाकाला पदर लावून, त्या पोरीची आई उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पदर आणखी घट्ट धरला.

मी बाईंवरही चिडले. म्हटलं, आता तरी सांगा, आता सगळे बरे झालेत. बाई म्हणाल्या, "अजून अक्षता पडायच्या हायत." दुसऱ्याची जिम, दुसऱ्याचं नाव असल्यासारखं बोलत होत्या. पंधरा वर्षं उभं केलेलं बुडत होतं आणि ही बाई पोरीच्या अक्षतांची वाट बघत होती.

लग्नाचं आमंत्रण बाईंना आलं नाही. मला आलं, कारण जेवणावळीनंतर कार्यालय पुसायला माणूस पाहिजे होतं. मी जाणार नव्हते. बाईंनी ढकललं. "जा, बघून ये."

मी गेले. पंगत उठल्यावर पोरीची आई चार बायकांत उभी होती. मला बघून मोठ्यानं म्हणाली, "काय गं, तुझी ती बाई अजून खोकतीया का?" बायका हसल्या. एक म्हणाली, "लांबनंच पूस बाई तू!" परत हसल्या. माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते तिच्या तोंडावर मारावं असं वाटलं. बाईंनी बजावलं होतं म्हणून मारलं नाही, बोललेही नाही. पोरीनं स्टेजवरून माझ्याकडं बघितलं आणि मान वळवून नवऱ्याशी बोलायला लागली.

परत आले तेव्हा बाई वजनं पोत्यात भरत होत्या. गडहिंग्लजला भावाकडं जायचं ठरलं होतं. मी एका दमात सगळं सांगितलं, खोकल्याचं, हसण्याचं, मान वळवल्याचं. वाटलं, आता तरी ही बाई चिडेल. एक तरी शिवी देईल. बाईंनी पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं, गाठ मारली आणि विचारलं, "आणि पोरीचा ब्लाऊज? दंडात बसला का गं नीट?"

बसला होता. सुरेख बसला होता. सगळ्या कार्यालयात तिच्याएवढी देखणी कुणी दिसत नव्हती.

"मी बघितलं न्हाई," म्हटलं आणि जिना उतरले.

पुढं दोनदा गाठ पडली. दोन्ही वेळा बाईंनी तेच विचारलं. मी तेव्हाही सांगितलं नाही.