तारमामांचा पाळणा

तारमामांच्या घरात मिस्त्री म्हणून कधी शिरला नाही. नळाची चावी तुटली, तिथे चमचा वाकवून बसवला. कुकरच्या कानाला जुन्या स्क्रूड्रायव्हरची मूठ. दार आपोआप लागावं म्हणून दोरीला वाळू भरलेली बाटली टांगलेली, पाहुणा आत पाऊल टाकतो न टाकतो तोच दार त्याच्या पाठीत बसायचं, आणि मामा वर म्हणायचे, "बघा, लागलं की नाही!" मामा छापखान्यात बाइंडिंगला होते. वह्यापुस्तकं शिवायची उरलीसुरली तार घरी यायची आणि तिनेच अख्खा संसार बांधलेला. म्हणून तर तारमामा! मामी काही बोलायच्या नाहीत. बोलून उपयोग काय, सांगा?

पण मामांची खरी शेखी दोन गोष्टींची. एक, मुलीसाठी केलेला पाळणा: वेताच्या मोडक्या खुर्चीची टोपली, जुन्या खाटेचे पाइप, चारी जोड तारेने करकचून आवळलेले. दुसरी, उंबरठ्यावर ठोकलेली टायरची पट्टी. मुलगी सहा महिन्यांची असताना रांगत जाऊन उंबरठ्यावर आपटली, कपाळाला चार टाके पडले. मामा तेव्हा कामावर. घरी आले, ऐकलं, आणि चहाही न घेता टायर कापून पट्टी ठोकली. "त्यानंतर एकतीस वर्षांत या घरात कुणाचं डोकं फुटलं नाही," हे वाक्य गल्लीला पाठ होतं. त्या पट्टीला अडखळून पडलेल्यांनासुद्धा.

आता मुलगी दीड महिन्याचं बाळ घेऊन माहेरी आली होती. मामांनी माळ्यावरून पाळणा काढला. गंजलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, संध्याकाळी नात झोपवायची. त्यात काय मोठंसं!

पक्कड लावून पहिल्या जोडाची तार सोडवली आणि मामा थबकले. तारेखाली नटबोल्ट होता. चांगला बोटाएवढा जाड. त्यांनी दुसरा जोड सोडवला. बोल्ट. तिसरा. बोल्ट. चौथा. तोही बोल्टच. मामांनी जन्मात कधी बोल्ट विकत आणला नव्हता. आणि सुटलेल्या तारेचा पीळ उलटा होता, डाव्या हाताचा. घरात डावखुरं माणूस एकच.

"अगं, इकडे ये आधी!"

मामी ओले हात पुसत आल्या, पाळणा बघितला आणि त्याच्याशेजारी खाली बसल्या.

"हे कुणी केलं?"

"वेल्डिंगवाल्याकडून भोकं पाडून बोल्ट बसवून घेतले. वरून तार मी गुंडाळली. तुम्हाला कळू नये म्हणून."

"माझं काम एवढं कच्चं वाटलं तुला?" मामांचा पारा चढला. "पोर वर्षभर झोपली यात! एक तरी तार सुटली कधी?"

मामींनी आज नजर चुकवली नाही. 

"कधी बसवलेस बोल्ट?"

"टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पण ती तर उंबरठ्यावर..."

"अहो, तेव्हा रांगत कुठे होती ती?"

खरंच की! रांगत नव्हती. नुसती कुशीवर वळायची. बापाच्या हे कसं लक्षात आलं नाही? एकतीस वर्षांत एकदाही? पुस्तकं धरणारी तार ती, तिच्यावर पोर झोपवली होती त्यांनी, आणि ती सुटली होती. चार टाके. डोळ्याच्या बोटभर वर. 

"सांगितलं का नाहीस?"

"घाबरून मी उंबरठ्याचं नाव घेतलं, आणि मग तुम्ही दारात बसून टायर कापत रडत होतात. कसं सांगायचं?"

तेवढ्यात मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन आली. केस मागे बांधलेले, भुवईवर तो व्रण. रोज बघितलेला व्रण, पण आज मामांना तिकडे बघवेना.

"बाबा, झालं का? पेंगुळलीय ही. ठेवू पाळण्यात?"

"नको!" मामा एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. त्यांनी पक्कड खाली ठेवली. "खाली गादीवर झोपव तिला. आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलाव. चारी जोड त्याने तपासल्याशिवाय पाळणा टांगायचा नाही."

"मिस्त्री? आपल्या घरात?" मुलगी आईकडे बघतच राहिली.

"हो. आणि दारातली ती पट्टीही उखडायला सांग त्याला," मामा म्हणाले. "उंबरठ्याची काही चूक नव्हती."