पळत्या म्हशीसाठी कॅमेरा

दिवाळी पाडव्याला आमच्या गवळ गल्लीत म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात मोरपिसांच्या माळा घालायच्या आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पिटाळत पुढं निघायचं. म्हैस त्या आवाजामागं जीव खाऊन पळते. आमच्याकडं गाडीवर माझे वडील, आबा. आपली म्हैस दुसऱ्या कुणाच्या मागं पळत नाही, याचा त्यांना केवढा तोरा! फोटो काढायचं काम माझं, आणि दरवर्षी माझ्या मोबाईलवर म्हशीच्या जागी नुसता काळा फराटा उमटायचा. यंदा मी हट्टाला पेटले. चांगला डिजिटल कॅमेरा घ्यायचाच.

राजारामपुरीतल्या दुकानात आबा बरोबर आलेच. घरात येणारी वस्तू, मग ती म्हैस असो की मिक्सर, स्वतः पारखल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

दुकानदार शहाणा माणूस होता. त्यानं आधी विचारलं, "काढायचं काय आहे?" मी सांगितलं, पळती म्हैस, मावळतीचा उजेड, धूळ, गर्दी. "मग मेगापिक्सलच्या आकड्यांना भुलू नका. झटकन फोकस धरणारा, कमी उजेडात चालणारा घ्या. आणि कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावून बघायची सोय हवी. तिरप्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही."

त्यानं पुढं केलेला कॅमेरा आबांनी माझ्या आधी उचलला, डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. "ह्यात काय दिसंना."

दुकानदारानं खिडकीजवळचं बारीक चाक दाखवलं. ते चष्म्याच्या नंबराप्रमाणं फिरवायचं असतं. आबांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "सगळा धुरळाच हाय. बिघाडलाय ह्यो."

दुसरा आणला. तोही बिघडलेला! तिसरा आला तेव्हा माझं डोकं सणकलं.

"आबा, खुसपटं काढायला आलाय काय? दुसऱ्या डोळ्यानं बघा की!"

त्यांनी कॅमेरा डाव्या डोळ्याला नेला. "व्हय की! समोरच्या रिक्षाचा नंबरबी दिसतोय," ते खुशीत म्हणाले, आणि कॅमेरा झटकन खाली ठेवला.

दुकानदार उगाचच काच पुसायला लागला. मी आबांच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि विचारलं, "मी दिसतीय का?"

"दुकानात तमाशा नको." माझा हात झटकून ते बाहेर पडले.

मी मागं पळाले. ते गाडीला किल्ली लावत होते.

"कवापास्नं?"

"उन्हाळ्यापास्नं. मोतीबिंदू आसंल. पाडवा झाला की दाखवू."

थोरल्या चुलत्यांनीही असंच आज-उद्या केलं होतं. त्यांचा काचबिंदू निघाला आणि गेलेली नजर परत आली नाही. हे आबांनाही चांगलं माहीत होतं. तरी हा माणूस एका डोळ्यानं रोज पहाटे गावभर दूध घालत हिंडत होता, आणि पाडव्याला उधळलेली म्हैस पाठीशी घेऊन पोराबाळांच्या गर्दीतून गाडी दामटणार होता. मला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग जास्त आला. मी किल्ली काढून घेतली.

"दे हिकडं."

"न्हाय देत. आधी डाक्टर."

"म्हैस माझ्याबिगर पळायची न्हाय. गल्लीत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

"न्हाय पळाली तर न्हाय पळाली!" मी ओरडले. "कुणाचं तरी पोरगं गाडीखाली यील, आबा!"

येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. लाज वाटायच्या पलीकडं मी गेले होते.

आबांनी किल्ली हिसकायला हात मारला. ती त्यांच्या समोरच, माझ्या हातात होती. त्यांची मूठ शेजारच्या हवेत बंद झाली. मूठ उघडून ते रिकाम्या तळव्याकडं बघत राहिले. मला रडू फुटलं. ते रडले नाहीत. गाडीला वळसा घालून मुकाट मागच्या सीटवर बसले.

मी गाडी सुरू केली. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसरा तरी ऱ्हाईल न्हवं?"

मला काय ठाऊक! "ऱ्हाईल की," मी म्हणाले, आणि घराकडं न वळता गाडी डोळ्यांच्या दवाखान्याकडं घेतली.