कोपऱ्यातल्या उभ्या गाद्या

अमरावतीला आमच्या घराच्या माडीवर एक खोली होती. वडिलांना तिरकं-वाकडं काही खपायचं नाही, म्हणून त्यांनी तिची लांबी, रुंदी आणि उंची अगदी सारखी ठेवली होती. त्या खोलीत पुढे मी रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला. अशी ठोकळ्यासारखी खोली रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट, हे मला स्टुडिओ थाटून झाल्यावर कळलं. आमच्या घरात कळण्याचा क्रम बहुधा असाच असतो.

कोणी जाड आवाजात बोललं की त्या खोलीच्या कोपऱ्यांतून ‘घूंऽ’ असं काहीतरी उठायचं आणि बोलणं संपलं तरी रेंगाळायचं. बायकांची भजनी मंडळं गाऊन जायची, काही त्रास नाही. पुरुषाने तोंड उघडलं की घूं. आणि माझं निम्मं काम पुरुषांच्या आवाजाचं. ऑटोवर भोंगा लावून खेड्यापाड्यांत फिरवायच्या जाहिराती असायच्या, पेरणीआधी बियाण्याच्या आणि श्रावणात फवारणीच्या औषधाच्या. दिवस वाईट होते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. अशात एका कार्यालयाने शेतकऱ्यांसाठी धीराचे चार शब्द माझ्याकडे रेकॉर्ड करून घेतले. ‘खचून जाऊ नका’ हे वाक्य माझ्या खोलीतून असं बाहेर पडलं की वाटावं, बोलणारा स्वतःच विहिरीच्या तळाशी बसलाय. साहेब खूश होऊन म्हणाले, “आवाजात वजन आहे.” तो ऑटो भातकुलीच्या रस्त्याला लागला तेव्हा मला लाज वाटली, आणि कोणाला सांगावं तेही कळेना.

मग अकोल्याहून मावशीचा फोन आला. ही आईची मोठी बहीण. तिचा आवाज पहिल्यापासून जाड, भरदार. फोनवर अनोळखी माणूस तिला हमखास ‘भाऊ’ म्हणायचा. आईचा आवाज बारीक, पण मी मावशीवर गेले. लहानपणी त्यावरून मी रडायची आणि मावशी हसायची. तिच्या गल्लीतली भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती मांडून गाणी म्हणायचा पोरींचा सण, मावशीशिवाय उभी राहत नसे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी पोरी जमायच्या, ती गाणी सांगायची, पोरी टाळ्या वाजवत मागे म्हणायच्या. शेवटी ती झाकणबंद डबा हलवायची आणि आत कुठली खिरापत आहे ते पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं.

“घशात गाठ निघाली व,” ती फोनवर म्हणाली. “डॉक्टर म्हनते, आवाजाची पेटीच काढा लागते. मंग मले बोलता येनार नाही. पोरींच्या भुलाबाईचं कसं होईन? तुह्या त्या मशीनमंदी माहे गाने भरून ठेव.”

मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि माडीवर गेले. माझ्याच आवाजात एक ओळ रेकॉर्ड करून ऐकली. घूं. मावशीचा आवाज त्यात पार बुडून गेला असता, आणि तो पुन्हा मिळणार नव्हता.

कॅफेत जाऊन इंटरनेटवर वाचलं. उपाय होता बास ट्रॅप. म्हणजे कोपऱ्यात उभी करायची जाडजूड तिकोनी गादी. जाड आवाज कोपऱ्यात साठतो आणि ही गादी त्याला पिऊन टाकते. एकाने लिहिलं होतं गच्च भरा, दुसऱ्याने लिहिलं होतं सैल भरा, तिसरा म्हणत होता घरी करायच्या भानगडीत पडू नका. तिघंही अगदी ठाम. आत भरायला काचेची लोकर हवी होती. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे थोडी मिळाली, ती हाताळून मी रात्रभर खाजवत बसले. सकाळी डोक्यात आलं, आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि काचेची लोकर काय शोधतोय!

चौकटी मी संत्र्याच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्यांच्या केल्या. शेंदूरजनाघाटचं एक भजनी मंडळ कॅसेट करायला आलं तेव्हा त्या देऊन गेलं होतं. खिळे माझे मीच ठोकले, त्यामुळे एकही चौकट काटकोनात नव्हती. मग मोहल्ल्यातल्या पिंजारी चाचांकडे गेले. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या.

“तिकोनी गादी?” चाचांनी यंत्र बंद केलं. “कोन झोपनार तिच्यावर?”

“कोनी नाही, चाचा. कोपऱ्यात उभी करायची आहे.”

“काहून?”

“आवाज प्यायसाठी.”

ते यंत्र सोडून माझ्याजवळ आले. “बेटा, घर में सब ठीक है ना?” त्यांनी हळूच विचारलं. त्या वर्षांत हा प्रश्न कोणीही सहज विचारत नसे, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, सब ठीक है.

मी त्यांना चार वेळा बजावलं होतं की गच्च भरा. त्यांनी चारही वेळा मान डोलावली आणि कापूस फुलासारखा पिंजून हलकाच भरला. दगडासारखी गादी त्यांच्या हातून गेली असती तर मोहल्ल्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी गाद्या चौकटींत घालून कोपऱ्यांत उभ्या केल्या. थोड्याच दिवसांत सगळा कापूस खाली बसला. वर नुसती खोळ आणि खाली पोट सुटलेलं. घूं गेला नाही. तो फक्त कोपऱ्यातून उठून दाराजवळ आला. मी गाद्या इकडून तिकडे सरकवल्या, तर तो खिडकीपाशी गेला. माझं डोकं पार भणभणलं. आवाज खोलीत आहे, माझ्या कानात आहे की माझ्या समजुतीत आहे, हेच कळेनासं झालं. आणि मावशीच्या ऑपरेशनची तारीख ठरली.

मी तिला घ्यायला बसस्टँडवर गेले. ती वाळली होती, पण आवाज तोच. घरी आल्यावर आईने तिला खालच्या खोलीतल्या पलंगाकडे नेलं. “पड थोडी,” आई म्हणाली. मावशी पडली आणि बघता बघता झोपली. मी तिला पाणी घेऊन आले तोवर घोरत होती.

मी मशीन लावायला माडीवर गेले. चारी कोपऱ्यांत संत्र्याच्या फळ्यांच्या रिकाम्या चौकटी उभ्या होत्या.

“आई! माझ्या गाद्या?”

“हळू बोल, ते झोपली आहे.” आई जिन्यात आली. “घरात नवा कापूस, पाहुनी येनार, अन् गाद्या भिंतीले उभ्या? लोक काय म्हनतीन? उन्हात टाकल्या, काठीनं झोडल्या, अन् दोन-दोन जोडून पलंगावर घातल्या. दोन तिकोन जोडले का चौकोन होते.”

दारी पाहुणं येणार म्हटलं की वऱ्हाडातली कोणतीही बाई हेच करणार. मी गाद्या आणायला दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. मावशी वाटेत म्हणाली होती की आडवं झालं की गाठ दाबते, कित्येक रात्री ती भिंतीला टेकून बसूनच काढते. आता ती माझ्या सगळ्या बास ट्रॅपवर आडवी झोपली होती. मला तिला उठवायचं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला परत जायचं होतं. मी जिन्यातच बसून राहिले. आईचा राग आला होता, तोही धड टिकेना.

सकाळी मावशी उठल्यावर मी आणि आईने मिळून गाद्या पुन्हा वर नेल्या. उन्हाने आणि काठीने कापूस इतका फुगला होता की तो चौकटीत मावेना. आईने गुडघ्याने रेटून गाद्या कशाबशा कोंबल्या. चौकटी आता भिंतीलाही टेकत नव्हत्या, मागे हातभर फट राहिली. मी म्हटलं, गेलं सगळं. माइकसमोर उभी राहून ‘हॅलो’ म्हणाले. घूं नव्हता. पुन्हा म्हणाले. नव्हता. उन्हाने गेला, काठीने गेला, त्या फटीने गेला की मावशीच्या झोपेने, मला आजवर माहीत नाही. मी हात लावायची हिंमत केली नाही.

मावशी बसून गायली. मधे थांबत, पाणी पीत, पण सगळी गाणी गायली. शेवटी तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, माइकपुढे खुळखुळवला आणि म्हणाली, “ओळखा व पोरींनो.” मग गप्प बसली. पोरींना उत्तर द्यायला तिने जागा ठेवली होती. “नाही,” ती म्हणाली. पुन्हा गप्प. “नाही व.” पुन्हा गप्प. एवढं झालं आणि तिने डबा खाली ठेवला.

“अन् बरोबर कधी म्हणशील?” मी विचारलं.

“मले काय मालूम कोन कवा ओळखीन?” ती म्हणाली.

मी तिच्या कानाला हेडफोन लावले. ती ऐकत राहिली, कपाळाला आठ्या घालून. “हे त तू बोलून राहिली,” ती म्हणाली. “माहा आवाज कुठी हाय?” मी हेडफोन घेऊन ऐकलं. घूं गेला होता, स्वच्छ आवाज होता, आणि तो खरंच माझाही असू शकला असता. गाद्यांनी नेमकं काय पिऊन टाकलं, ते मला समजेना.

ऑपरेशन झालं. कोजागिरीला मी अकोल्याला गेले. गल्लीत भुलाबाई मांडली होती. मावशी गळ्याला पांढरा रुमाल बांधून खुर्चीवर बसली होती, मांडीवर तो डबा. मी टेप लावला आणि पोरी मागे म्हणू लागल्या. सगळं नीट चाललं होतं. मग टेपवर डबा खुळखुळला, “ओळखा व पोरींनो,” आणि इकडे मावशीनेही हातातला डबा हलवला.

“फुटाणे!” सगळ्यांत धाकटी पोरगी ओरडली.

“नाही,” टेप म्हणाला.

मावशीने जोरजोरात मान हलवली, बरोबर, बरोबर. पोरी तिच्याकडे बघत, मग टेपकडे बघत. “फुटाणेच हायेत!” ती पोरगी रडवेली झाली. “नाही व,” टेप म्हणाला. मावशीचे ओठ हलले. काहीच आलं नाही. तिचे डोळे भरले. तिने माझ्याकडे पाहिलं, टेपकडे बोट केलं, बंद कर म्हणून, आणि तेच बोट माझ्या तोंडाकडे नेलं.

मी टेप बंद केला. “बरोबर व पोरी,” मी म्हणाले. “फुटाणेच हायेत.”

धाकटी हसली आणि मावशीकडे धावत गेली. “आजी, तुले बोलता येते!”

मावशीने तिला जवळ घेतलं, डबा उघडून तिची ओंजळ भरली, आणि मला हाताने खूण केली, पुढचं बोल.